ग्रेड आणणारे टेंभरे सर

आमच्या महाविद्यालयात संशोधनाला सुरुवात कधी झाली, हे मला नेमकं ठाऊक आहे. मूल्यांकनाची कमिटी येणार असल्याचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. त्याआधी आमच्याकडे शिकवणं होतं, परीक्षा होत्या, गॅदरिंग होतं, धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, ओस पडणारे वर्ग होते. संशोधन नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते नाही म्हणून कोणाचा घास अडला नव्हता. मी तिथली ग्रंथपाल. सौंदडच्या स्टेशनावर उतरून जीपने अर्धा तास गेलं की आमचं महाविद्यालय यायचं. नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती ती, आणि देशभरातल्या महाविद्यालयांना आता गुणवत्तेप्रमाणे ग्रेड मिळणार, असं ठरलं होतं.

पद्धत अशी, की महाविद्यालयानं आधी स्वतःबद्दलचा जाडजूड अहवाल पाठवायचा. मग बाहेरगावचे तीन मोठे प्राध्यापक येणार, तीन दिवस राहणार, अहवालात लिहिलंय ते खरं आहे का ते पाहणार, आणि ग्रेड देणार. ग्रेडवर अनुदान, ग्रेडवर नव्या जागा, ग्रेडवर संस्थेची इज्जत. आमचे संस्थाध्यक्ष, ज्यांना सगळे बाबूजी म्हणायचे, त्यांची स्वतःची राईस मिल होती. तांदळाची प्रत ठरते तशी प्राध्यापकांचीही ठरणार म्हटल्यावर त्यांना ही कल्पना लगेच पटली. त्यांनी विचारलं, "ये काम कौन करेगा?" आणि कोणीतरी मागच्या खुर्चीतून अगदी हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "टेंभरे सर."

ते नाव टेंभरे सरांनी स्वतःच घेतलं होतं. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

हिरालाल टेंभरे राज्यशास्त्र शिकवायचे. बुटके, रुंद, डोक्यावर तेल, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. राज्यशास्त्राशी त्यांचं फारसं काही देणंघेणं नव्हतं. त्यांची खरी ओळख दिवाळीनंतर सुरू व्हायची. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. टेंभरे सर त्या नाटकांचे प्रॉम्प्टर. वडश्याच्या कंपन्यांचं नाटक असो की गावातल्या पोरांचं, विंगेत वही धरून बसलेला माणूस टेंभरेच. आमच्याकडच्या नटांची पाठांतराशी फार मैत्री नसते. आज या गावात एक नाटक, उद्या त्या गावात दुसरं, तालमीला वेळ कोणाला? वाक्य आतून येतं, नट ते बाहेर टाकतो. प्रॉम्प्टरचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत पोचतो आणि त्याचं कोणालाही काही वाटत नाही. उलट नट अडला तर प्रेक्षकच ओरडतात, "आतून सांगून रायले ना, आयक ना गा!"

या कामानं सरांना एक सवय जडली होती. समोरचा माणूस बोलताना किंचित थांबला, की ते त्याला पुढचा शब्द पुरवायचे. ओठ न हलवता. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य "सर्वांनी वेळेवर..." म्हणून दम घ्यायचे, तेवढ्यात शेजारून "उपस्थित राहावे" यायचं. झेंडावंदनाला आलेले पाहुणे "आपला देश..." इथं गडबडले, तर ध्वजस्तंभामागून "विविधतेनं नटलेला". एकदा एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजीलाच पुढची ओळ दिली. भटजी चिडला, पण ओळ बरोबर होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांना प्रिय, तरी वही हातात असली की तोंड रिकामं. "तोंड भरलेलं असलं त आवाज अडकते," असं ते म्हणायचे.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या महाविद्यालयाची गुणवत्ता आली.

त्यांनी अहवाल लिहिला नाही. त्यांनी तो बसवला. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांना आपापली कामं वाटून दिली, आणि त्यांच्या तोंडून "भूमिका" हाच शब्द आला. इंग्रजीच्या सरांकडे विद्यार्थ्यांचे पालक-मार्गदर्शक, मराठीच्या मॅडमकडे महिला सक्षमीकरण, क्रीडाशिक्षकाकडे पर्यावरण. क्रीडाशिक्षक म्हणाले, "मी कायले पर्यावरण?" सर म्हणाले, "तू मैदानावर असतोस ना? झाडं मैदानावरच हायेत."

त्यांचं एक वाक्य तेव्हापासून स्टाफरूममध्ये रुळलं. "काम नाही केलं त चालते. पुरावा पायजे." पुरावा म्हणजे फोटो, सह्या आणि अभिप्रायाचे फॉर्म. आम्ही फोटोंसाठी झाडं लावली. एकच रोप तीन वर्षांच्या तीन कार्यक्रमांत लावलं गेलं, फक्त पाहुणे बदलले. उद्योगक्षेत्राशी सामंजस्य करार हवा होता, तो बाबूजींच्या राईस मिलशी केला. करारावर संस्थाध्यक्ष म्हणून बाबूजींची सही आणि मिलमालक म्हणूनही बाबूजींचीच. मग हस्तांदोलनाच्या फोटोचा प्रश्न आला, कारण स्वतःशी हात मिळवताना माणूस बरा दिसत नाही. सरांनी मिलच्या मुनीमजींना कोट घालून उभं केलं. मुनीमजी इतके घाबरले होते की फोटोत ते बाबूजींच्या पाया पडताना आले आहेत. तोच फोटो अहवालात गेला, "उद्योग आणि शिक्षण यांचे दृढ संबंध" असं खाली लिहून.

संशोधनासाठी चर्चासत्र भरवलं. ते राष्ट्रीय असणं गुणांच्या दृष्टीनं फायद्याचं. सरांनी बालाघाटहून दोन प्राध्यापक बोलावले. बालाघाट आमच्या गोंदियापासून तासाभरावर, पण मध्य प्रदेशात. राज्य ओलांडलं की राष्ट्र सुरू होतं. त्या दोघांनी जेवणाच्या आधी आपापले निबंध वाचले आणि जेवणानंतर संपूर्ण राष्ट्र परत गेलं. आम्ही सगळ्यांनी त्यात निबंध दिले. माझाही एक आहे. तो कशावर आहे ते मी इथं सांगणार नाही.

पहिली कमिटी आली तेव्हा माझ्या वाचनालयात बारा विद्यार्थी वाचक म्हणून बसवले होते. साहेब दारात आले की सगळ्यांनी उठायचं, "गुड मॉर्निंग" म्हणायचं, आणि खिडकीजवळच्या मुलीनं सांगायचं की आम्ही रोज चार तास इथं असतो. तालीम दोनदा झाली होती. साहेब आले, अकरा जण उठले. कोपऱ्यातला एक मुलगा उठलाच नाही. त्याला खरोखरच पुस्तक लागलं होतं. कमिटी त्याच्याजवळ गेली, तो वर पाहीना. शेवटी टेंभरे सरांनी कपाटाआडून त्याच्या नावानं दोनदा पुकारा केला, तेव्हा तो दचकून उठला आणि म्हणाला, "सर, थोडंसंच उरलं हाय." कमिटीतला एक म्हातारा प्राध्यापक खूश झाला. सर मात्र संध्याकाळी त्या मुलावर खूप रागावले. "सगळे उठले अन् तूच काऊन बसून रायला? वाचाचं होतं त घरी वाचाचं!"

त्या वेळी बी ग्रेड मिळाली. बाबूजींनी पेढे वाटले. टेंभरे सर त्या दिवसापासून "गुणवत्ता समन्वयक" झाले, आणि दाराबाहेर तशी पाटीही लागली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं, आणि मीही हसतच होते.

दुसऱ्या खेपेला नियम कडक झाले. वरून आलेल्या पुस्तिकेत संशोधनाला जास्त गुण होते. शिवाय एक नवं कलम होतं. महाविद्यालयानं समाजाला कोणतं ज्ञान दिलं, ते दाखवा. आमच्या महाविद्यालयानं समाजाला काय दिलं, याचा विचार स्टाफरूममध्ये सुरू झाला. प्राचार्य म्हणाले, "गॅदरिंग." टेंभरे सरांनीही त्यांना पुढचा शब्द दिला नाही.

त्याच वेळी आमच्याकडे शिल्पा नंदेश्वर होती. प्राणीशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, सुटीत काहीच नाही, आणि दर जूनमध्ये नवा अर्ज. सहा वर्षं ती हे करत होती. वडील रेल्वेत गँगमन होते, ते गेले. घरी आई आणि लहान भाऊ. पात्रता परीक्षा तिनं पहिल्याच फटक्यात काढली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. प्राणीशास्त्राची रिकामी जागा मंजूर व्हावी आणि आपण तिथं कायम व्हावं. हे ती लपवायची नाही. "मॅडम, एकदा कायम झाले ना, की मी जूनमध्ये अर्ज न लिहिता झोपून राहणार आहे," असं मला म्हणायची.

आणि शिल्पा संशोधन करायची. कमिटी येणार म्हणून नव्हे, तर तिला गादमाशीचं वेड होतं म्हणून. गादमाशी ही धानावरची कीड. दिसायला डासाएवढी, पण तिची अळी धानाच्या कोंबात शिरली की त्या फुटव्याला लोंबी येतच नाही, नुसता पोकळ चंदेरी पोंगा वर येतो. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी कुठं आधी येतं, कुठं उशिरा. त्याप्रमाणे रोवणी मागंपुढं होते. आणि ज्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणी उशिरा, तिथं पोंगे जास्त, असं तिचं म्हणणं होतं. पाच पावसाळे ती कालव्याच्या वरच्या टोकापासून शेपटापर्यंत बांध्या तुडवत होती. तण निंदणाऱ्या बायका तिच्यासाठी पोंगे उपटून पिशवीत ठेवायच्या. त्यातल्या देवकाबाई तर महाविद्यालयातच यायच्या, वाचनालयाच्या पायरीवर बसायच्या आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवायच्या. "मॅडमले देजो. खालच्या बांधीतले हायेत म्हनून सांगजो." माझ्या आवक रजिस्टरमध्ये अशी पिशवी लिहायला रकाना नव्हता.

टेंभरे सरांनी ती पिशवी पाहिली आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

ते बोलणं माझ्यासमोर झालं, संदर्भग्रंथांच्या कपाटाजवळ. सरांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि आधी सगळं काम समजून घेतलं. लांब वहीत लिहून घेतलं, तिच्या तोंडून, शब्दन् शब्द. दोन दुपारी गेल्या त्यात. मग म्हणाले, "शिल्पा, हे सोनं हाय. पन तू तासिकावाली. तुझ्या नावानं छापलं त अहवालात धरत नाही. कायमचा मानूस लागते. गिरीशच्या नावानं जाऊ दे."

डॉ. गिरीश म्हणजे बाबूजींचे जावई आणि प्राणीशास्त्राचे विभागप्रमुख. स्टाफ त्यांना मागं जावईबापूच म्हणायचा. ते बांधीत एकदाच उतरले होते, फोटोसाठी, आणि बूट न काढता.

"सर, पाच वर्षांचं काम आहे माझं," शिल्पा म्हणाली.

"मी नाही म्हनून रायलो का? मले माहीत हाय ना तुझं हाय. पन पाह्य, ए ग्रेड आली की जागा मंजूर होते. जागा निघाली की तिथं तूच. अजून कोन हाय तिथं बसाले? बाबूजीनं मले शब्द देला हाय."

शिल्पानं माझ्याकडे पाहिलं. मला तिला सांगता आलं असतं की देऊ नको. मी म्हणाले, "सर म्हणतात तर बघ विचार करून." या वाक्याला काही अर्थ नाही, हे ते बोलतानाच मला माहीत होतं.

पेपर छापून आला. लेखक डॉ. गिरीश. शेवटी आभारांत, प्रयोगशाळेच्या सेवकाच्या आधी, कु. शिल्पा नंदेश्वर यांचे क्षेत्रीय मदतीबद्दल आभार.

दुसऱ्या कमिटीचे अध्यक्ष दक्षिणेकडचे निवृत्त कुलगुरू होते. शांत, म्हातारे, पांढरे बूट घातलेले. हिंदी सावकाश बोलायचे. त्यांना अहवालातलं गादमाशीचं प्रकरण फार आवडलं होतं. त्यांनी सांगितलं, की ज्या शेतकऱ्यांना हे ज्ञान दिलं, त्यांना भेटायचंय. ट्रॅक्टर पाठवून देवकाबाई आणि आणखी पंधरावीस बायका आणल्या. सभागृहात मागच्या भिंतीवर मोठा फ्लेक्स होता, "ज्ञान समाजाच्या दारी". फ्लेक्स भिंतीपासून हातभर पुढं बांधलेला होता. मागं टेंभरे सर वही घेऊन बसणार होते.

अध्यक्षांनी जावईबापूंना विचारलं, "डॉक्टर साहब, ये बताइए, किसान को शुरू में कैसे पता चलता है कि ये कीड़ा लग गया?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. जावईबापूंनी रुमाल काढला. फ्लेक्सच्या मागून आवाज आला, "चंदेरी पोंगा... कांद्याच्या पातीवानी..." जावईबापूंना तो ऐकू आला नाही, किंवा ऐकू येऊनही कळला नाही. ते म्हणाले, "सर, इसके बहुत आयाम हैं." फ्लेक्समागचा आवाज जरा वाढला, "कांद्याची पात... कांद्याची पात..."

आता या बायका मंडईत वाढलेल्या. नट अडला आणि आतून वाक्य आलं, तर काय करायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. देवकाबाई आपल्या जागेवरूनच ओरडल्या, "अजी साहेब, मागून टेंभरे सर सांगून रायले ना! कांद्याच्या पातीवानी दिसते म्हना!" दुसरी म्हणाली, "जोरानं सांगा जी सर, साहेबाले आयकू नाही येऊन रायलं." बाकीच्या हसल्या. त्यांच्या मनात कोणाचा अपमान करायचा मुळीच नव्हता. त्या मदत करत होत्या.

प्राचार्यांनी डोळे मिटले. अध्यक्ष फ्लेक्सकडे पाहत म्हणाले, "पीछे कौन हैं? बाहर आइए."

टेंभरे सर बाहेर आले. वही छातीशी, चष्मा नाकावर, कपाळावर घाम. अध्यक्षांनी त्यांना काही विचारलं नाही, आधी देवकाबाईंना विचारलं, "आपको ये सब किसने सिखाया?"

"कोन शिकवन जी? पोंगा त आमीच दाखवला मॅडमले. मंग मॅडमनं मोजून सांगलं का रोवना लवकर करा म्हनून. केला. कमी आले पोंगे."

"कौन मॅडम?"

शिल्पा शेवटच्या रांगेत होती. देवकाबाईंनी मान वळवून तिच्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली होती. बोट पुरतं उठायच्या आधीच टेंभरे सरांचा आवाज आला. या वेळी हलका नाही, मोकळा, रंगमंचावरचा. "सर, मॅडम यानी हमारे डॉक्टर साहब की फील्ड असिस्टेंट. बहुत मेहनती लड़की है." आणि कोणाला दम घ्यायची संधी न देता त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकाची गोष्टच सुरू केली. मंडई काय असते, प्रॉम्प्टर काय करतो, नट आणि प्रॉम्प्टर यांचं नातं कसं असतं, आणि महाविद्यालयानं हीच परंपरा शिक्षणात कशी आणली. एका नाटकातला राजाचा संवाद म्हणूनसुद्धा दाखवला. अध्यक्ष आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या, मग लिहून घेतलं.

कमिटीच्या अहवालात आमच्या "उत्तम उपक्रमां"मध्ये हे आलं, की या महाविद्यालयात स्थानिक लोकरंगभूमीच्या परंपरेचा अध्यापनात अभिनव वापर होतो. ज्ञान समाजाला दिलं, या कलमातही चांगले गुण मिळाले. ज्ञान तिकडून इकडे आलं होतं, याचा उल्लेख कुठं नव्हता. पुस्तिकेत त्यासाठी रकानाच नव्हता. ए ग्रेड मिळाली. सरांना उघड्या जीपमधून गावभर फिरवलं. त्यांच्या गळ्यात इतके हार होते की चष्मा सापडेना.

आणि जागा खरंच निघाली. बाबूजींनी शब्द पाळला, असं शिल्पा मला म्हणाली. आईला तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी मी त्या खोलीत होते. उमेदवारांनी सांगितलेले पेपर पडताळायचे म्हणून मला नियतकालिकं घेऊन बसवलं होतं. समोर विद्यापीठाचे दोन तज्ज्ञ, प्राचार्य आणि बाबूजी. कोपऱ्यात गुणवत्ता समन्वयक टेंभरे सर, मांडीवर तीच लांब वही. शिल्पाच्या आधी एक मुलगी येऊन गेली होती, बाबूजींच्या साडूची भाची. तिच्याकडे चर्चासत्रांची भरपूर प्रमाणपत्रं होती, त्यातली दोन आमच्याच राष्ट्रीय चर्चासत्रांची.

तज्ज्ञांनी शिल्पाला विचारलं, "संशोधन?" तिनं सांगायला सुरुवात केली. कालवा, रोवणीच्या तारखा, पोंग्यांची मोजणी. फार छान सांगितलं तिनं. एक तज्ज्ञ ऐकता ऐकता समोरच्या अहवालाची पानं उलटत होते. ते थांबले. "मॅडम, हे तर डॉ. गिरीश यांचं काम आहे. छापलेलं आहे. कमिटीनं वाखाणलेलं आहे. तुमचे आभार मानलेत त्यात." मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "दुसऱ्याचं संशोधन मुलाखतीत स्वतःचं म्हणून सांगणं हे काही बरं नाही."

शिल्पा म्हणाली, "सर, निरीक्षणं माझी आहेत."

"काही पुरावा?"

तिनं टेंभरे सरांकडे पाहिलं. खोलीत त्या पुराव्याची दोनच माणसं होती, एक ते आणि एक मी. सरांच्या मांडीवरच्या वहीत तिच्या तोंडचे शब्द सरांच्याच अक्षरात होते. एक वाक्य पुरलं असतं. मी सरांच्या ओठांकडे पाहत होते, कारण उभ्या आयुष्यात त्या माणसानं कोणाला अडलेलं ठेवलं नव्हतं. अनोळखी पाहुण्याला नाही, भटजीला नाही, जावईबापूंना तर नाहीच नाही. सरांनी वहीवर दोन्ही हात ठेवले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मीही काही बोलले नाही. मला सरांचा राग येतो तेव्हा मी हे आठवते, आणि राग काही कमी होत नाही, फक्त दोघांत वाटला जातो. ते वाईट नव्हते. घाबरले होते. खरं बोलावं तर अहवाल खोटा, अहवाल खोटा तर ग्रेड खोटी, आणि ती ग्रेड म्हणजे त्यांनी आयुष्यात गाजवलेला एकमेव प्रयोग. शिवाय बाबूजी समोर बसले होते. माझं कारण तर याहूनही लहान होतं. मला फक्त नोकरी टिकवायची होती.

"या तुम्ही," तज्ज्ञ म्हणाले. शिल्पा आपली फाईल उचलून गेली. दाराशी तिनं ती एकदा खाली पाडली, कागद गोळा केले, आणि कोणी उठायच्या आत निघून गेली. जागेवर साडूची भाची आली. जूनमध्ये शिल्पाचा अर्ज आला नाही.

सर पुढं चार वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात छान बोलले. जावईबापू तोवर प्राचार्य झाले होते, त्यांनाही सरांनी आपल्याच सत्कारात दोन वाक्यं पुरवली. मंडईतलं काम मात्र त्यांनी मुलाखतीच्या वर्षीच सोडलं होतं. घसा बसतो म्हणायचे. घसा ठणठणीत होता.

शिल्पा सौंदडला भावाच्या कृषी केंद्रात बसते. खतं, बियाणं, फवारणीची औषधं. लोक आता औषध विकत घेण्याआधी तिला पिशवीतून पोंगा आणून दाखवतात आणि अर्ध्या लोकांना ती औषध लागणारच नाही म्हणून परत पाठवते, त्यामुळे भाऊ वैतागलेला असतो. मी जाता-येता तिथं टेकते. मुलाखतीचं आम्ही एकदाच बोललो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही निदान मागितली तरी, मॅडम." त्यानं मला बरं वाटलं नाही.

गेल्या भाद्रपदात अशीच बसले होते. भर दुपार. टेंभरे सर आले. केस पूर्ण पांढरे, चष्मा अजून दोरीलाच. हातात पिशवी, पिशवीत चारसहा पोंगे. त्यांच्या गावाहून इथं येताना वाटेत अशी तीन दुकानं लागतात.

"बसा सर," शिल्पा म्हणाली. तिनं पोंगा नखानं चिरला, आत पाहिलं. "गादमाशीच आहे. रोवणी लांबली का?"

"लांबली. बाया नाही भेटल्या."

"आता फवारून उपयोग नाही. पाणी काढा बांधीतलं. पुढच्या वर्षी आधी रोवा."

सरांनी मान हलवली. पिशवीची घडी केली, खिशात ठेवली, पुन्हा काढली. जायला उठले नाहीत. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला. ते पोंगे दाखवायला आलेले नाहीत, हे मला कळलं आणि तिलाही कळलं. मागं दोन शेतकरी थांबले होते. शिल्पानं हातातलं पेन खाली ठेवलं, आणि ओठ फारसे न हलवता, फक्त सरांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "त्या दिवशी..."

एवढंच. पुढं ती थांबली. पुढचं त्यांचं होतं.

"त्या दिवशी," ते म्हणाले. मागचा शेतकरी खाकरला. "त्या दिवशी पाऊस झाला तेवढाच," सर म्हणाले, "मंग नाही आला इकडे."

"नाही आला," शिल्पा म्हणाली.

सर उठले, चपला शोधल्या, रस्ता ओलांडून जीपच्या थांब्याकडे गेले. तिनं पुढच्या माणसाची पिशवी उघडली.